जमुनाची झोप

अमरावती, कार्तिक शुद्ध ८, शके १७८६

बाई,

तुला आणि भाऊजींना गोवर्धनचा नमस्कार. मी परवा संध्याकाळी इथे पोचलो. भाऊबीजेच्या दिवसांत तुझ्या दारी आलो आणि ओवाळून न घेता परतलो, याचे मनात ठेवू नकोस. सुभद्राला जाऊन, जमुनाला आईवेगळी होऊन सव्वा महिना झाला. यंदा मला सण नाही.

वलगावचे घर बंद केले आहे. हंगाम संपेपर्यंत मी इथेच कापसाच्या बाजारात राहीन. परदेशात कुठे लढाई चालू आहे म्हणून आपल्या कापसाला असा भाव आला आहे, आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तोलाच्या काट्यावर गाड्या लागतात. माणसे दोन वेळा जेवतही नाहीत. मला ते बरेच वाटते.

तुझ्याकडे येताना जमुना गाडीत तिन्ही दिवस रडली. गाडीच्या हिसक्यांनी असेल, आणि आजी दुरावली म्हणून असेल. सुभद्राच्या मागे तिच्या आईने, पार्बताबाईंनीच, पोरीला सांभाळले. दिवाळीच्या दिवशी त्या हिवतापाने पडल्या, शुद्ध राहिली नाही, आणि मुलगा येऊन त्यांना चांदूरला घेऊन गेला. नाहीतर पंधरा महिन्यांचे पोर मी इतके दूर तुझ्याकडे ठेवले नसते.

निघताना तू विचारलेस की तिला झोपवायचे कसे, आणि मला नीट सांगता आले नाही. आता लिहितो. सुभद्रा रोज दिवेलागणीला हेच करी, आणि मी ओसरीवर बसून पाहत असे.

पहिल्याने कोमट पाण्याने पाय धुवायचे. गुडघ्यापर्यंत, वर नाही. ते मऊ धडप्याने टिपायचे, घासायचे नाहीत. मग तिळाचे तेल घेऊन काशाच्या वाटीने तळपाय चोळायचे. आधी उजवा, मग डावा. तेल काळे पडू लागले की पुरे. त्यानंतर ती आत चुलीजवळ नेऊन दूध पाजी आणि खांद्यावर टाकून बाहेर आणी. मग झोळीत घालून हळू बोलायचे. गाणे नव्हते. ती म्हणे, "गाय झोपली, वासरू झोपलं, विहीर झोपली, चूल झोपली, जमुना झोपली." चुलीपाशी येईपर्यंत पोरीचे डोळे मिटत. मी तिला एकदाही दुसऱ्यांदा म्हणताना ऐकले नाही.

दिवा झोळीच्या मागे ठेवावा. एवढेच.

गोवर्धन

अकोला, जुने शहर, कार्तिक शुद्ध ११

गोवर्धनराव यांना शालिकरामचा रामराम. तुमच्या बहिणीला लिहिता येत नाही आणि मला तिच्यापुढे बोलता येत नाही, म्हणून ती सांगते तसेच्या तसे उतरवून देतो.

गोवर्धना, तुहा कागद ह्यायनं दोनदा वाचून दाखवला. सारं तसंच केलं. पाय धुतले, तेल लावलं, उजवा मंग डावा. गाय झोपली, वासरू झोपलं, विहीर झोपली. आमच्या गल्लीतले सारे झोपले. तुही पोरगी नाही झोपली.

इतकी रडते बाप्पा की मोर्णा नदीच्या पलीकडून लोक विचारून राहिले, कोणाचं लेकरू हाये म्हणून. हात-पाय झाडते, पाठ अशी ताठ करते की मांडीवर ठरत नाही. नाक सारखं वाहून राहिलं. शिंका देते, जांभया देते. जांभया देते तर झोप ना बाई! तर नाही. दोन घटका डोळा लागला की दचकून उठते. पोटही ढाळते. वैद्य आला होता, म्हणे दात येऊन राहिले. मी म्हटलं, बाप्पा, मी चार लेकरं वाढवली, दात काय मले दाखवता?

तू म्हणतो चुलीपाशी येईपर्यंत झोपे. मले खरं सांग, तू पायलं का झोपत होता तू सोताच?

(हे लिहू नको असे मी म्हणालो. ती म्हणते लिहा, भाऊ आहे माझा.)

तू जेवतो का? कोण करते? तिथं असं एकटं नोको राहू.

माझ्याकडून इतकेच, गोवर्धनराव, की पोर फार कष्टी आहे. तुमची बहीण हसून सांगते, पण तीन रात्री तिनेही पाठ टेकलेली नाही.

शालिकराम

अमरावती, कार्तिक शुद्ध १४

बाई,

पत्र मिळाले. सर्दी गाडीतल्या गारठ्याने झाली असेल. सुंठ उगाळून लावावी.

तू सारे केले म्हणतेस, पण काहीतरी राहत असले पाहिजे. वर्षभर मी रोज हे पाहिले आहे. ती एकदाही अशी रडली नाही. शेजारच्या बायका सुभद्राला म्हणत, तुझं लेकरू घरात आहे की नाही तेही कळत नाही. म्हणून पुन्हा विचारतो. पाणी फार ऊन तर नाही? वाटी काशाचीच आहे ना, पितळेची नाही? दूध पाजल्यावर तू तिला लगेच झोळीत घालतेस की खांद्यावर घेतेस? सुभद्रा खांद्यावर घेऊन ओसरीपर्यंत चालत येई. झोळी उत्तर-दक्षिण टांगलेली असावी.

रागावू नकोस. माझी एवढीच मागणी आहे की मी लिहिले आहे त्यात काही गाळू नये आणि आपल्या मनाचे काही घालू नये. तिच्या आईने तिला लावलेली ही एकच गोष्ट उरली आहे. ती तिच्या हातची आहे तशी राहू द्या.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: मी झोपत नसे. पाहत असे.

गोवर्धन

अकोला, कार्तिक वद्य ३

गोवर्धनराव, ती सांगते तसे लिहितो.

तुहा कागद मी तिच्या उशाले ठेवून पायला. कागदानं लेकरू झोपत नाही.

पाणी ऊन नव्हतं. वाटी काशाचीच हाये, माह्या लग्नातली. झोळी फिरवून टांगली. खांद्यावर घेऊन मी ओसरीच काय, मळ्यातल्या झेंडूपर्यंत चालली. तू काट्यावर कापूस तोलतो तसं मले तोलून राहिला. मी काय केलं, काय नाही. माहं चुकलं असंच तुले वाटून राहिलं न?

आता ऐक. पोरीच्या पोटऱ्या कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीवानी झाल्या. दूध घेते आणि ओकते. अंगावर सारखा काटा येते, ऊन असलं तरी. परवा सकाळी तिनं रडणं थांबवलं, तर मले बरं वाटण्याऐवजी भेव वाटला. माह्याकडे पाहून राहिली होती, पण मले पाहून नव्हती राहिली.

शेजारची गंगूबाई म्हणते, मेलेली माय लेकराले बोलावून राहिली. ह्यायनं तिले हाकलून देलं. पण मले सांग गोवर्धना, सुभद्रीचा जीव कशात अडकला होता? पटकीनं एका दिवसात गेली, काही बोलली का? मागितलं का काही? असल तर सांग, आपण करून टाकू.

तू ये. हंगाम दरवर्षी येते. तू आला तर तिले बापाचा वास तरी येईन.

गोवर्धनराव, मीही तेच म्हणतो. या. पत्राची वाट पाहू नका.

शालिकराम

अकोला, कार्तिक वद्य ८

गोवर्धनराव यांना रामराम. पाच दिवस तुमचे उत्तर नाही. तरी हे आनंदाने लिहितो, आणि या वेळी तीच म्हणाली की लवकर लिहा.

गोवर्धना, झोपली! परवा अर्धी रात, काल सांजपासून थेट कोंबडा आरवला तवर. मधात एकदा उठली, पाणी प्याली, माहं नाक ओढलं आणि पुन्हा झोपली. आज सकाळी भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून देला, तो सारा खाल्ला आणि वाटी फेकून देली. फेकली तशी मी हासली, तर तीही हासली. दोन दात दिसले.

काय केलं ते विचारू नोको. काहीच नाही केलं. सर्दी गेली, पोट बांधलं, आपोआप झोपली. आता तू हंगाम संपल्यावर आला तरी चालते. पण कागद पाठव, का राग आला?

मी मात्र सांगतो की तुमची बहीण काल दिवसा, दारात बसल्या बसल्या, निवडायच्या तुरीच्या शेंगांवर डोके ठेवून झोपली.

शालिकराम

अमरावती, कार्तिक वद्य ९

बाई,

हे पत्र मिळताच भाऊजींकडून दोनदा वाचून घे. सोबत कापसात गुंडाळून पाच गोळ्या पाठवतो आहे. डाकेच्या थैलीत नीट बांधल्या आहेत.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिले नाही, कारण काय लिहावे ते सुचत नव्हते. सुभद्राने काही मागितले का, असे तू विचारलेस. तिला बोलता येत नव्हते. तिने दोनदा आतल्या, चुलीच्या खोलीकडे हात केला. मला वाटले, पाणी.

आज दुपारी पार्बताबाई काट्यावर आल्या. ताप गेला, पण अजून भिंत धरून चालतात. मुलाच्या गाडीतून खास माझ्यासाठी आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारले, "डबी पाठवली ना पोरीसंगं?" मी म्हणालो, कसली डबी? त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, "बाप्पा, लेकरू जितं हाये का?"

सुभद्रा जमुनाला रोज अफूची गोळी देत होती. मुगाएवढी, दुधात उगाळून, चुलीजवळ; वेचणीच्या दिवसांत सकाळीही. वेचणीला जाणाऱ्या पुष्कळ बायका देतात म्हणे, म्हणजे झोळीतले पोर दिवसभर निजते. पार्बताबाईंनीही तेच चालू ठेवले आणि दिवाळीच्या दिवशी सांगायच्या आधी त्यांना तापाने घेरले. डबी वलगावच्या घरी चुलीमागच्या कोनाड्यात होती. आम्ही दोघे जाऊन ती काढली.

रडणे, नाक वाहणे, पोट ढाळणे, हे सारे त्या गोळीवाचून झाले आहे. पार्बताबाई सांगतात की अफू एकाएकी तुटली तर पोर हातचे जाते. त्यांनी वेचणीतली दोन पोरे अशी गेलेली पाहिली आहेत.

मी वर्षभर पाय, तेल आणि वाटी पाहत बसलो. जे होते ते माझ्या पाठीमागे चुलीजवळ होते. तुझे काही चुकले नव्हते. मी तुला अर्धवट लिहून दिले आणि वर तुलाच बोल लावला.

दिवेलागणीला एक गोळी दुधात उगाळून दे. बाकी सारे लिहिले आहे तसेच. एकही दिवस चुकवू नकोस.

गोवर्धन

अमरावती, कार्तिक वद्य १०, संध्याकाळ

बाई, भाऊजी,

गोळी देऊ नका.

हे पत्र सहदेवच्या हाती आहे. तो आमच्या अडतीचा माणूस आहे आणि त्याच्याकडे तट्टू आहे. रात्र अंधारी आहे, म्हणून तो उद्या उजाडताच निघेल. काल पाठवलेली डाकही उद्याच तुमच्याकडे पोचायची. कोण आधी येईल ते मला सांगता येत नाही. गोळ्या आल्या असतील आणि दिल्या नसतील, तर नदीत टाका. पुढचे वाचण्याआधी टाका.

आज सकाळी तुमचे वद्य ८ चे पत्र मिळाले. ती आपोआप झोपली, दूध-भाकरी खाल्ली, हे वाचून मी काट्यावरून उठलो आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मग वाटले, आता ती झोपते तर गोळी द्यायची की नाही हे कुणाला तरी विचारावे. जुन्या पेठेत एक वृद्ध हकीम आहेत. ते खलात काही कुटत होते. मी सारे सांगितले. त्यांनी विचारले, "किती दिवस बंद होती?" मी म्हणालो, पंचवीस. त्यांनी हात थांबवला.

"भाई, आदत गई तो ताकत भी गई," ते म्हणाले. "पोर आता कोरं आहे. महिनोन्महिने एकेक पायरी चढवून जी गोळी पचली, ती आता एकदम दिलीत तर झोपेतच जाईल. तुम्हाला कळणारही नाही. तुम्ही म्हणाल, किती छान निजलं आहे."

मी कागद मागितला आणि ते बोलले ते लिहून घेतले. दिली असेल तर असे करा:

तिला आडवी ठेवू नका. उभी धरा. तोंडावर आणि छातीवर गार पाणी मारा. कांदा फोडून नाकाशी धरा. तळपायाला चिमटे घ्या, ती रडेपर्यंत घ्या. आवाज करा. ओठ निळे दिसले किंवा श्वास लांबला तर पाणी आणखी मारा, थांबू नका. दूध देऊ नका. दया करू नका. गोळी दिल्यापासून आठ प्रहर उलटेपर्यंत तिला सलग झोपू द्यायचे नाही.

मला घोड्यावर बसता येत नाही. उद्या पहाटे बैलांची रेंगी जुंपून मीही निघतो.

गोवर्धन

अकोला, कार्तिक वद्य १२, रात्र

गोवर्धनराव,

पहिल्यांदा हे वाचा: जमुना जिवंत आहे. माझ्या समोर आहे, जागी आहे.

आता झाले ते क्रमाने सांगतो, कारण तुम्हाला ते माहीत असावे. डाक काल दुपारी आली. पत्र मीच वाचून दाखवले. मी म्हणालो, पोर आता बरे आहे, झोपते आहे, गोळी कशाला? गोवर्धनराव आले की विचारू. तुमच्या बहिणीने आधी दार लावून घेतले. मग तिने मला जे सांगितले ते मलाही माहीत नव्हते. गंगूबाईच्या बोलण्याने तिचा धीर सुटला होता आणि दहा-बारा दिवसांपासून तिने ते "गाय झोपली, वासरू झोपलं" म्हणणे सोडले होते. मेलेल्या बाईचे शब्द पोराच्या कानात घालू नयेत म्हणून. तुम्हाला मात्र सारे केले असे ती लिहायला लावत होती.

ती म्हणाली, "त्यानं सांगितलं होतं, काही गाळू नोको. मी गाळलं. त्यापायीच लेकराचे हाल झाले. आता तो शिकला-सवरलेला माणूस लिहून राहिला की एकही दिवस चुकवू नोको, आणि मी पुन्हा आपलंच डोकं चालवू?" मी फारसा वाद घातला नाही. ही चूक माझीही आहे.

दिवेलागणीला तिने गोळी दुधात उगाळून दिली. जमुना थोडा वेळच कुरकुरली.

आज सकाळी ऊन अंगणात आले तरी ती उठली नव्हती. तुमची बहीण झोळीजवळ बसून होती, आणि मी सांगतो, गेल्या महिन्यात तिला इतके समाधानी मी पाहिले नाही. गंगूबाईला तिने उखळ बंद करायला लावले. मला खोकूही देईना. तेवढ्यात सहदेवने दार ठोठावले. ती धावत गेली आणि त्याच्यावरच ओरडली, पण दबक्या आवाजात: "हळू ना भाऊ! लेकरू झोपून राहिलं!"

सहदेव म्हणाला, "बाई, अमरावतीचा निरोप हाये, गोळी देऊ नोका."

मी पत्र उघडेपर्यंत तिने जमुनाला झोळीतून ओढून काढले होते. मान मागे पडली. ओठ जांभळट होते. श्वास येत होता, पण पुढचा येईल की नाही अशी वाट पाहायला लागे. मी मोठ्याने वाचत होतो आणि ती करत होती. मळ्यात नेले, मोटेच्या गार धारेखाली धरले. सहदेवने कांदा फोडला. मी तळपायाला चिमटे घेतले. माझ्याने जोराने घेववेनात, तर तुमच्या बहिणीने मला ढकलले आणि स्वतः घेतले. ती सारखी ओरडत होती, "रड! रड ना वो पोट्टे! कालपर्यंत तर गाव डोक्यावर घेतलं होतं, आता काहून गप झाली? रड!"

गल्लीतल्या बायका थाळ्या, पराती, जे हाती येईल ते बडवत मळ्यात आल्या. गंगूबाई सगळ्यात पुढे होती. दुपारी जमुनाने एकदा डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. पुन्हा पाणी. पुन्हा चिमटे. तळपाय पार सुजले आहेत. ऊन उतरायला लागले तेव्हा तिने तोंड वाकडे केले, आणि मग रडली. आधी मांजरीसारखी, मग चांगली. तुमची बहीण चिखलातच बसली आणि तिला छातीशी धरायच्या ऐवजी दोन्ही हातांनी लांब, उभी धरून बसली, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

आठ प्रहर दिवेलागणीलाच भरले. पण ती तिला अजून झोपू देत नाही. मी म्हणतो, हकिमांनी सांगितली ती वेळ टळली. ती म्हणते, पहाट होऊ द्या.

ती सांगते ते आता लिहितो.

गोवर्धना, माह्या हातानं देलं. तुही गोष्ट मी ऐकली म्हणून देलं, पण हात माहेच होते. ते तू मले बोल, मी ऐकून घेईन. पण सुभद्रीले मी आज लई शिव्या देल्या. माय होती का कोण होती? पोटच्या पोरीले रोज जहर घालत होती, आणि तिच्या आठवणीसाठी आपण मरमर मरून राहिलो.

शालिकराम

मूर्तिजापूर, कार्तिक वद्य १३

बाई,

परतताना सहदेव मला इथे भेटला. तुमचे पत्र त्याने आधी तोंडाने सांगितले, मग दिले.

काल संध्याकाळी नाल्यात रेंगीचे चाक मोडले. सुतार उद्या देतो म्हणतो, आणि कापसाच्या दिवसांत दुसरी रिकामी गाडी मिळत नाही. मी चाकाची वाट पाहणार नाही. उजाडताच पायी निघतो. डाकेचा हरकारा रात्रीच निघतो, त्यामुळे हे पत्र माझ्या आधी पोचेल. तसे ते पोचावे म्हणूनच लिहितो आहे. हे मला तुझ्यासमोर बोलता येणार नाही. मी आल्यावर याबद्दल विचारू नकोस.

तुझ्या हाताला मी काही बोलणार नाही. लिहिले मी होते.

सुभद्राला शिव्या देऊ नकोस. गेल्या पौषात जमुना पाच महिन्यांची होती. सुभद्राने मला विचारले होते, "पोरगी चालायले लागेतवर मी वावरात नाही आली तर चालन का?" तिने आयुष्यात मला दोन-तीनदाच काही मागितले असेल. मी म्हणालो, या वर्षी एकेक बोंड मोलाचे आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, आणि घरचीच बाई घरी बसली तर लोक हसतील.  दुसऱ्या दिवशी ती झोळी घेऊन आली आणि बांधावरच्या बाभळीला टांगली.

पहिला महिनाभर पोर रडायचे. रडले की ती कापसाची ओटी टाकून धावायची. मी बांधावरून ओरडत असे, "काहून थांबली?" रोज ओरडत असे. मग एका दिवसापासून पोर रडेनासे झाले. सुभद्रा ओळीच्या टोकापर्यंत न थांबता वेचू लागली. मी कधी विचारले नाही की असे कसे झाले. मी गावात सांगत फिरलो, आमची पोर फार शहाणी आहे.

संध्याकाळी ती पाय धुवून, तेल लावून तिला झोपवी, तेव्हा मला वाटे, किती मायेने करते. ते खरेच होते. दिवसभर जे करावे लागे ते ती संध्याकाळी तिच्या पायाशी बसून फेडत असावी. हे मला आज कळते. शेवटी तिने आतल्या खोलीकडे हात केला, तो डबीसाठी होता. आणि मी तिच्या तोंडाला पाण्याचा गडू लावला.

मी आता अमरावतीला परत जाणार नाही. काट्यावर निरोप पाठवला आहे. भाऊजींच्या मळ्यात काम असेल ते करीन. जमुना चालायला लागेपर्यंत तिच्यापासून हलणार नाही.

उद्या तिन्हीसांजेला पोचेन. तू आज तरी झोप. मी दाराशी येईन तेव्हा ती रडत असली, तर घाईने तिला उगी करू नकोस. मला ऐकू दे.

गोवर्धन